हिऱ्याची पारख व मोल

हिऱ्याची पारख व मोल : पैलू पाडलेल्या हिऱ्याचा दर्जा ठरवण्याची व त्यावरून किंमत बांधण्याची रीत. संस्कृत ग्रंथांत हिला वज्रपरीक्षा म्हटले आहे. हिरा हा स्फटिकरूप कार्बन असून मोस श्रेणीवर त्याची कठिनता १०, वि. गु. ३.५२ व प्रणमनांक २.४१७ आहे. सोन्याला शुद्धतेप्रमाणे रोजचा एक भाव असतो, तसा हिऱ्याला नसतो. एकाच वजनाच्या दोन हिऱ्यांच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर असू शकते आणि पेढीवरच्या झगमगत्या दिव्यांखाली ते नवख्या डोळ्याला सहसा दिसत नाही. आज वजन, घाट, रंग व स्वच्छता या चार कसोट्या सर्वत्र मानतात. १९३१ मध्ये रॉबर्ट शिप्ली यांनी स्थापन केलेल्या अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका (जीआयए) या संस्थेने त्या रूढ केल्या.

वजन व त्यावरून किंमत : एकक कॅरट. १ कॅरट = २०० मिग्रॅ.; हे मान १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले. त्यापूर्वी प्रत्येक बाजारपेठेचा कॅरट थोडा निराळा असे. म्हणून जुन्या नोंदींतील वजने आजच्या आकड्यांशी थेट ताडू नयेत. कॅरटचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. ‘तीस सेंटचा हिरा’ म्हणजे ०.३० कॅरट. दागिन्याच्या पावतीवर ‘१८ कॅरट’ असते ती सोन्याची शुद्धता (२४ पैकी १८ भाग), वजन नव्हे.

वजन दुप्पट झाले की किंमत दुप्पट होत नाही, त्याहून बरीच जास्त वाढते. मोठा खडा दुर्मीळ, हे त्याचे साधे कारण. ही जाण भारतात फार जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ धरून वीस तांदूळ वजनाच्या उत्तम हिऱ्याचे मोल दोन लक्ष सांगितले आहे. तेथून दोन-दोन तांदूळ कमी करत किंमत उतरवली आहे : अठराला पाव भाग कमी, सोळाला तिसरा भाग कमी, चौदाला निम्मी, पुढे बारा तांदळांना मूळ किमतीचा तिसरा हिस्सा, दहाला पाचवा, आठला सोळावा, सहाला पंचविसावा, चारला शंभरावा आणि दोनला हजारावा. म्हणजे वीस तांदळांच्या हिऱ्याला दर तांदळामागे दहा हजार, तर दोन तांदळांच्या हिऱ्याला शंभर.

सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहिलेला फ्रेंच जवाहिऱ्या झां बातिस्त ताव्हेर्निये यानेही असाच एक हिशेब नोंदवला आहे : वजनाचा वर्ग करावा व त्याला तशाच प्रतीच्या एक कॅरट खड्याच्या किमतीने गुणावे. त्याचे उदाहरण १२ कॅरटच्या निर्दोष हिऱ्याचे आहे. एक कॅरटला १५० लिव्र (तत्कालीन फ्रेंच चलन) धरले तर १२ × १२ × १५० = २१,६०० लिव्र. दोन्ही रीती ताडून पाहिल्या असता वीस ते बारा तांदूळ या पट्ट्यात वराहमिहिराचे आकडे वर्गाच्या नियमाच्या अगदी जवळ पडतात. खाली मात्र ते झपाट्याने घसरतात. दोन तांदळांना वर्गाच्या हिशेबाने शंभरावा भाग यायला हवा, तेथे हजारावा आहे. लहान खड्यांचा त्या काळी सुकाळ होता, असा याचा अर्थ लावता येतो. पण तो अनुमानच.

ताव्हेर्नियेने खाणीवरच्या व्यवहाराचेही वर्णन केले आहे. सौदा कापडाखाली, बोटांच्या खुणांनी व एक शब्दही न बोलता होई. पूर्ण हात धरला की हजार, एक बोट म्हणजे शंभर, बोटाच्या मधल्या पेरापर्यंत पन्नास, टोकाला स्पर्श म्हणजे दहा. हिरा पाहण्याची वेळ रात्रीची : भिंतीतील कोनाड्यात जाड वातीचा दिवा ठेवून त्या उजेडात खडा बोटांत धरून ‘पाणी’ जोखत. निळसर छटा ओळखण्यासाठी दाट पानांच्या झाडाखालची हिरवी सावली वापरत. एकाच दिव्याखाली निर्णय करू नये, ही सावधगिरी आजही तितकीच खरी आहे.

सध्याच्या घाऊक व्यवहारात न्यूयॉर्कहून निघणारी रॅपापोर्ट यादी (१९७८ पासून) आधारभूत धरतात. तीत दर कॅरटमागे डॉलरमधील किंमत असते. ती विक्रेत्याच्या मागणीची किंमत, प्रत्यक्ष विक्रीची नव्हे. सौदे बहुधा तिच्याखाली काही टक्के सूट धरून होतात. यादी वजनाच्या पट्ट्यांत विभागलेली असल्याने ०.९९ वरून १.०० वर जाताना दर एकदम उडी घेतो. ०.९५ कॅरटचा सुडौल हिरा बोटात १ कॅरटच्या हिऱ्याहून लहान दिसत नाही आणि स्वस्त पडतो. ग्राहकाच्या हिताची गोष्ट म्हणून हे येथे मुद्दाम नोंदवले आहे.

घाट : चार कसोट्यांपैकी निसर्गाची नसून कारागिराची अशी ही एकच, आणि हिऱ्याचे तेज सर्वाधिक तिच्यावर अवलंबून असते. गोल ब्रिलियंट घाटात ५७ पैलू असतात, तळाचे टोक सपाट केले तर ५८. वरचा सपाट पैलू म्हणजे माथा (बाजारात ‘टेबल’), त्याभोवतीचा उतार मुकुट (क्राउन), कडेची पट्टी मेखला (गर्डल) आणि खालचा निमुळता भाग तळ (पॅव्हिलियन). हिऱ्यात प्रकाशाचा क्रांतिक कोन सुमारे २४.४° असल्यामुळे तळाचा कोन योग्य असेल तर आत शिरलेला किरण पूर्ण परावर्तन पावून वरूनच बाहेर पडतो. तळ उथळ झाला तर माथ्याखाली राखी कडे दिसते. फार खोल झाला तर मध्य काळवंडतो. मार्सेल टोल्कोव्स्की याने १९१९ मध्ये गणिताने प्रमाणे मांडली : माथा व्यासाच्या ५३%, मुकुटकोन ३४.५°, तळकोन ४०.७५°. आज याच्या आसपासची बरीच प्रमाणे उत्तम मानतात. जीआयएने गोल ब्रिलियंटसाठी घाटाची पाच पायऱ्यांची श्रेणी २००५ मध्ये जाहीर केली.

वजन वाचवण्यासाठी कारागीर तळ खोल किंवा मेखला जाड ठेवतो तेव्हा ग्राहक न दिसणाऱ्या वजनाचे पैसे मोजतो. पडताळा सोपा आहे : १ कॅरटच्या सुप्रमाण गोल हिऱ्याचा व्यास सुमारे ६.५ मिमी. असतो, अर्ध्या कॅरटचा ५.१ मिमी.च्या आसपास. १ कॅरटचा खडा ६.१ मिमी. भरला, तर उरलेले वजन खोलीत गेले आहे.

भारतीय कारागीर वजन राखत, युरोपीय कारागीर तेजासाठी वजन सोडत. कोहिनूर १८५२ मध्ये लंडनमध्ये पुन्हा पैलू पाडताना जुन्या सुमारे १८६ कॅरटवरून १०५.६ कॅरटवर आला. महाराष्ट्राशी निगडित उदाहरण नाशिकच्या हिऱ्याचे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाचा म्हणून सांगितला जाणारा हा हिरा पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. मूळ सुमारे ९० कॅरटचा हा तिकोनी खडा लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने आकार राखून सुमारे ८० वर आणला. १९४० मध्ये न्यूयॉर्कला हॅरी विन्स्टन यांनी त्याला पाचूघाट (एमराल्ड कट) देऊन ४३.३८ कॅरटवर नेले. तेज वाढले, पण देवस्थानाच्या खड्याचे जुने रूप कायमचे गेले, ही हानी किंमत सांगणाऱ्या कोष्टकांत कोठेच येत नाही.

  

रंग : जीआयएची श्रेणी डी (रंगहीन) ते झेड (फिकट पिवळा). आधीच्या ए, बी, सी या सैल प्रतींशी गल्लत नको म्हणून सुरुवात डीपासून केली. पिवळेपणा बहुधा नायट्रोजनामुळे येतो. जी ते जे या पायऱ्यांतील छटा दागिन्यात बसवल्यावर जाणवणे कठीण; पिवळ्या सोन्यात तर ती आणखी लपते. निळा, गुलाबी असे गडद रंग या श्रेणीत मोजत नाहीत. अतिनील प्रकाशातील प्रदीप्तीने किंमत घटते का, याबद्दल व्यापारी व प्रयोगशाळा यांचे एकमत नाही.

स्वच्छता : दसपट भिंगातून पाहून ठरवतात. पायऱ्या, निर्दोषापासून सदोषापर्यंत : एफएल, आयएफ, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, आय. वराहमिहिराने काकपद, मक्षिका, केश, शर्करा असे दोष गणले आहेत. आजच्या अहवालातील चिरा व ठिपके त्यांचेच भाऊबंद. व्हीएस व बरेचसे एसआय हिरे नुसत्या डोळ्यांना निर्दोष दिसतात. तेथे जास्तीचे पैसे भिंगासाठी मोजले जातात. मात्र मेखलेपर्यंत पोचलेली चीर टाळावी.

घणाची कसोटी : खरा हिरा घणाने फुटत नाही, ही समजूत कौटिल्याच्या अर्थशास्त्रापासून आढळते, तुकोबांच्या अभंगातही हा दृष्टान्त आहे. कठिनता म्हणजे चिवटपणा नव्हे. हिरा अष्टफलकाच्या पातळ्यांवर सहज दुभंगतो. हा प्रयोग करू नये.

नकली, कृत्रिम व प्रक्रिया केलेले : ‘अमेरिकन डायमंड’ म्हणजे क्यूबिक झिरकोनिया, त्याच आकाराच्या हिऱ्याच्या दीडपटीहून जड. मॉइसनाइट उष्णता जोखणाऱ्या साध्या यंत्राला फसवते, पण भिंगातून पाहता मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा (उच्च दाब-तापमान पद्धत किंवा बाष्पनिक्षेप पद्धत) मात्र नकली नव्हे. तो कार्बनच आहे, डोळ्यांनी ओळखू येत नाही व तो ओळखण्यास प्रयोगशाळाच हवी. गेल्या काही वर्षांत त्याचे भाव मोठ्या प्रमाणात कोसळले, म्हणून पावतीवर ‘नैसर्गिक’ हा शब्द लिहून घ्यावा. काचभरण केलेल्या चिरा सोनाराच्या ज्योतीने उघड्या पडतात.

अहवाल व पावती : प्रयोगशाळेचा अहवाल दर्जा सांगतो, किंमत नाही, सर्व प्रयोगशाळांचा कडकपणा सारखा नसतो. अहवालाचा क्रमांक मेखलेवर लेसरने कोरलेला असल्यास भिंगाखाली जुळवून पाहावा. एकेरी मोठा खडा शक्यतो सुटा पाहून मग बसवून घ्यावा, कारण कोंदणात वजन व रंग अंदाजेच सांगता येतात. मागे डांक (चकचकीत पातळ पत्रा) असलेल्या जुन्या बंद कोंदणात तर फारच थोडे कळते. कुडी, मंगळसूत्र यांतील बारीक खड्यांचा स्वतंत्र अहवाल नसतो. एकूण वजन व दर कॅरटचा भाव वेगळा मागावा. हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो. दागिन्याच्या एकूण वजनातून हिऱ्यांचे वजन (५ कॅरट = १ ग्रॅम) वजा केले आहे की नाही, हे पावतीवर तपासावे.

मोड : सोन्याप्रमाणे सर्वत्र चालणारा मोडीचा भाव हिऱ्याला नाही. परत घेण्याच्या अटी पेढीगणिक बदलतात आणि बहुतेक ठिकाणी मूळ पावती व अहवाल दोन्ही लागतात.