दुपारचा सैतान

ख्रिस्ती माणूस रोज जी प्रभूची प्रार्थना म्हणतो, तिच्या शेवटाकडे ‘परीक्षा’ असा एक शब्द येतो. शाळेतल्या मुलाला परीक्षा म्हटली की पाटी-पुस्तक आठवते. पण इथे परीक्षा म्हणजे मोह. मूळ ग्रीक शब्दाला पारख आणि भुरळ असे दोन्ही अर्थ आहेत. माणसाला भुरळ पडते तेव्हाच त्याची पारख होते, असे त्या भाषेने आधीच ओळखून ठेवलेले दिसते.

हा मोह आत नेमका कसा येतो, कुठल्या दाराने येतो, याचा सर्वांत बारकाईने शोध कोणी घेतला असेल, तर तो इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या मठवाशांनी. ही गोष्ट इसवी सनाच्या चौथ्या शतकातली. त्यांतले पुष्कळ जण साधे शेतकरी होते. काहींना तर लिहिता-वाचताही येत नव्हते.

त्यांचा मूळपुरुष अंतोनी. याचा जन्म २५१ च्या सुमाराचा. आईबाप वारले तेव्हा हा अठरा-वीस वर्षांचा. पदरात एक धाकटी बहीण आणि नाईलकाठची उत्तम काळी जमीन, आपल्या हिशेबाने दोनशे एकर म्हणाना! देवळात एके दिवशी शुभवर्तमानातले वचन कानी पडले, की परिपूर्ण व्हायचे असेल तर असेल ते विकून गोरगरिबांना दे. त्याने ते आपल्यालाच सांगितले असे धरले. जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, बहिणीची सोय लावली, आणि तो बाहेर पडला.

चित्रकारांनी अंतोनीच्या मोहाची शेकडो चित्रे काढली आहेत. त्यांत बहुधा शिंगे असलेले राक्षस असतात, नाहीतर सुंदर स्त्रिया. पण त्याचे चरित्र लिहिणारा बिशप अथनेशियस काय सांगतो? पहिल्याप्रथम आली ती दिलेल्या जमिनीची आठवण. मग बहिणीची काळजी, नात्यागोत्याची ओढ, पैसा, नावलौकिक, चांगलेचुंगले खाणे. बाकीचे सगळे त्यानंतर. शेती सोडलेल्या माणसाला आधी शेतच आठवावे, हे मला फार खरे वाटते.

अंतोनी १०५ वर्षे जगला आणि ३५६ मध्ये वारला. तोपर्यंत अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेला नित्रिया येथे आणि त्याच्याही पुढे रेताडात मठवाशांच्या वस्त्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांतल्या एकीचे नावच ‘केल्लिया’, म्हणजे खोल्या. १९६४ पासून तिथे उत्खनन झाले, तेव्हा विटामातीच्या अशा शेकडो घरांचे अवशेष वाळूखाली सापडले. या माणसांनी घरदार मागे टाकले, बाजार मागे टाकला. पण खोलीचे दार लावून बसल्यावर त्यांना कळून चुकले की ज्याच्यापासून पळालो, तो आपल्या पाठोपाठ नव्हे, आपल्याबरोबरच आत आला आहे.

केल्लियात ३८५ च्या सुमाराला एक शिकलेला माणूस राहायला आला. त्याचे नाव इव्हाग्रियस. हा काळ्या समुद्राकाठच्या पोंतस प्रांतातला. राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याच्या विद्वत्तेचा मोठा बोलबाला होता. तिथे तो एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीच्या प्रेमात पडला. स्वप्नात भय दिसले, शपथ घेतली, आणि शहर सोडून तो यरुशलेमला आला. पण शपथेची धार लवकरच बोथट झाली. पुन्हा भारी कपडे, पुन्हा तोच डौल. मग तापाने पकडले. सहा महिने वैद्यांना काही उमजेना. तेव्हा मठ चालवणाऱ्या मेलानिया नावाच्या बाईंनी त्याला सरळच विचारले, तुझ्या मनात काय आहे? त्याने सगळे सांगितले आणि मगच तो बरा झाला, असे त्याचा शिष्य पॅलेडियस लिहितो. तापाचे आपण वैद्यांवर सोडू. पण पुढे मोहावर या माणसाने जे लिहिले, ते पुस्तकातून घेतलेले नव्हते, हे ध्यानात ठेवावे.

इव्हाग्रियसने मोहाचे आठ ‘विचार’ सांगितले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, अकेदिया, बडेजाव आणि गर्व. आपले षड्रिपू यांच्याशी ताडून पाहावेत. काम, क्रोध, लोभ, मद दोन्हीकडे आहेत. मत्सर त्याच्या यादीत नाही, आणि खिन्नता आपल्या यादीत नाही. त्याने या आठांना पाप म्हटले नाही, विचार म्हटले, याला महत्त्व आहे. विचार येणे पाप नव्हे. ते येतात की नाही, हे आपल्या हाती नाही. त्यांना घर करू द्यायचे की नाही, एवढे आपल्या हाती.

आणि हे विचार येतात ते शहाण्याचे सोंग घेऊन. खादाडपणा लाडू-जिलबी दाखवीत नाही. तो म्हणतो, उपास पुरे. पोट बिघडेल, यकृत सुजेल, इथे रानात वैद्य कुठून आणणार? धनलोभ सोन्याची रास दाखवीत नाही. तो म्हाताऱ्या आजोबांसारखा समजावतो: पुढे दुष्काळ पडेल, हात चालेनासे होतील, लोकांपुढे पदर पसरणे बरे दिसेल का? बडेजाव तर भलताच भाविक. तो सांगतो, तुझ्या दाराशी आजारी लोकांची रीघ लागेल, तू त्यांना बरे करशील.

अकेदियाला मराठीत एक शब्द नाही. कंटाळा म्हणावे तर तो फार हलका पडतो. इव्हाग्रियस याला दुपारचा सैतान म्हणतो. सकाळी दहाच्या सुमाराला तो येतो आणि दोनपर्यंत हटत नाही. मठवाशाचे जेवण दिवसातून एकदाच, ते तीन वाजता. तेव्हा सूर्य जागचा हलतच नाही असे वाटते. दिवस पन्नास तासांचा होतो. मठवासी खिडकीतून डोकावतो, बाहेर येऊन ऊन कुठवर आले ते बघतो, कोणी भेटायला येते का म्हणून इकडेतिकडे पाहतो. मग ही जागाच वाईट वाटू लागते. सोबत्यांत माया उरली नाही, हातातले काम व्यर्थ, दुसऱ्या गावी पोट सहज भरेल. एकशिक्षकी शाळेत चैत्रातली दुपार ज्यांनी काढली आहे, त्या गुरुजींना हे उलगडून सांगायला नको. उपाय? जागा न सोडणे. थोडे काम, थोडी प्रार्थना, आणि कुठला विचार किती वाजता येतो, कोणाच्या मागोमाग येतो, याची नोंद ठेवणे. ख्रिस्ताने अरण्यात चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतानाला शास्त्रवचनानेच उत्तर दिले होते. तोच धडा गिरवून इव्हाग्रियसने एकेका विचाराला तोंडावर द्यायची जवळजवळ पाचशे वचने एका पुस्तकात गोळा केली.

तो ३९९ मध्ये वारला. पुढे त्याची काही मते पाखंडी ठरली, ५५३ मध्ये त्यांच्यावर बहिष्कार पडला; तरी त्याची पुस्तके दुसऱ्यांच्या नावाने वाचली जातच राहिली. त्याची यादी कॅसियन नावाच्या मठवाशाने लॅटिनमध्ये पश्चिमेकडे नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने ती सातांवर आणली आणि मत्सराला तिच्यात जागा दिली. युरोपातली प्रसिद्ध ‘सात पापे’ ती हीच.

याच कॅसियनने इजिप्तमध्ये ऐकलेली एक गोष्ट लिहून ठेवली आहे. मनातला विचार लपवू नये, वडीलधाऱ्याला सांगावा, असा वाळवंटात रिवाज होता. एका तरुणाने एका वृद्धाला आपली कामवासनेची पीडा सांगितली. वृद्ध कडाडला: असले विचार मनात आणणारा तू, मठवासी म्हणवून घ्यायला नालायक आहेस! पोरगा पार खचला. आता लग्न करून संसारच थाटावा म्हणून त्याने गावची वाट धरली. वाटेत अपोलो नावाचे थोर मठवासी भेटले. पडलेला चेहरा पाहून त्यांनी मायेने विचारले, तेव्हा सगळे बाहेर आले. अपोलो म्हणाले, “बाळा, माझे केस पिकले, तरी मलाही हे सतावते. आजचा एक दिवस माझ्याखातर खोलीत परत जा.” तो गेला. मग अपोलो त्या वृद्धाच्या खोलीजवळ जाऊन उभे राहिले आणि त्यांनी रडत प्रार्थना केली, की देवा, पोराची पीडा या म्हाताऱ्याला एकदा भोगू दे.

थोड्याच वेळात म्हातारा बाहेर आला. वेड्यासारखा आत-बाहेर करू लागला, आणि अखेर त्याच गावच्या वाटेला लागला. अपोलोंनी त्याला अडवले. म्हणाले, “आजवर सैतानाला तुमची ओळख नव्हती, नाहीतर तुमच्याशी झुंजावे असे त्याला वाटले नव्हते. चला, खोलीत परत चला.” आणि मग त्यांनी त्याच्यासाठीही प्रार्थना केली.