माळवदावरची माती

आमच्या हदगावात जुनं घर विकायला काढलं की गिऱ्हाईक आधी मान वर करून बघतं. माळवद दिसलं की भाव तिथंच उतरतो.

पूर्वी घर खणांवर मोजलं जाई आणि माळवदाच्या घराला मान होता. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा थर. भर उन्हाळ्यातही आत गारवा. मिरगाच्या आधी दरवर्षी माती आणून पसरायची, धुमसानं ठोकायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. अब्बा हे काम दुसऱ्यावर सोडत नसत. जुनी माती मात्र कुणी काढत नसे. नवी तिच्यावरच पडे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. नुसत्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि माळवदाचं ओझं अंगावर आलं. कुठं कुठं मातीचा थर दीड-दोन फुटांचा होता. घर गळू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घातलेली माती ती!

हदगाव तिथून लांब, पण भीती इथवर आली. ज्याला परवडलं त्यानं माळवद उतरवून पत्रे टाकले.

आमचं घर विकायचं ठरलं तेव्हा आम्हीही आधी माती उतरवली. दोन गडी चार दिवस टोपल्या वाहत होते. थरावर थर निघाले. अब्बांचा कुठला, आजोबांचा कुठला, मला ओळखता आलं नाही. गिऱ्हाईकानं उघड्या तुळया ठोकून पाहिल्या आणि विचारलं, ‘‘सागवानाचे वेगळे किती घेणार?’’