टपावरचा उतारू

इंग्रजी वाचनाची ज्यांस आवड आहे अशा आमच्या वाचकांस इंग्लंडांतील चार घोड्यांची प्रवासी गाडी नवी नाहीं. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मुळें (१८३६-३७) ती आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांच्या ओळखीची झालेली आहे. हिंवाळ्याची सकाळ, खानावळीचें अंगण, कर्ण्याचा सूर आणि धुक्यांतून दौडत जाणारे घोडे, हें चित्र नाताळच्या भेटपत्रांवरून आजहि घरोघर जातें. तें खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें पाहतांना आमची नजर घोड्यांवरून व गाडीवानावरून सरकून टपावर अंग चोरून बसलेल्या माणसाकडे जाते. आंतल्या जागेचें भाडें परवडत नाहीं म्हणून तो तेथें बसलेला आहे. ब्रिटनमधील लांब पल्ल्याच्या गाड्यांचा साडेतीनशें वर्षांचा इतिहास हा आमच्या मतें मुख्यतः ह्या माणसाचा इतिहास होय. तो कोणत्या काळीं कोणत्या वाहनांत व कोणत्या जागीं बसला हें पाहत गेलें असतां त्या इतिहासाचे सांधे आपोआप जुळतात.

टप्प्याटप्प्यावर घोडे बदलीत जाणाऱ्या सार्वजनिक गाड्या सतराव्या शतकाच्या मध्यास लंडनहून सुटूं लागल्या. ह्या टप्प्यांवरूनच त्यांस स्टेजकोच हें नांव पडलें. १६६९ सालीं ऑक्सफर्डहून सकाळीं निघालेली ‘उडती गाडी’ त्याच दिवशीं सायंकाळीं लंडनास पोंचली, ह्याचें लोकांस मोठें कौतुक वाटलें. १७५४ सालीं मँचेस्टरच्या कांहीं गृहस्थांनीं अशी जाहिरात दिली कीं, वाटेंत अपघात न घडल्यास आमची गाडी साडेचार दिवसांत लंडनास पोंचेल. आणि ही गोष्ट कोणास खरी वाटणार नाहीं, अशी कबुलीहि त्यांनीं सोबतच देऊन ठेविली होती! दोष घोड्यांचा नव्हता, रस्त्यांचा होता. आपल्या हद्दींतील रस्ता त्या त्या गांवानें राखावा असा जुना कायदा होता. पण परक्यांच्या गाड्या सुखानें जाव्या म्हणून आपण चिखलांत राबावें, असें कोणत्या गांवकऱ्यास वाटणार? पुढें ज्यानें रस्ता वापरावा त्यानेंच पैसा द्यावा हें तत्त्व मान्य होऊन ‘टर्नपाइक’ मंडळें निघालीं व वाटोवाट टोलनाके बसले. १८३० नंतरच्या दशकांत अशीं हजाराहून अधिक मंडळें सुमारें २०,००० मैल रस्त्यांची व्यवस्था पाहत होतीं. मॅकॅडमनें बारीक फोडलेल्या खडीचा पक्का रस्ता दाखवून दिला. टेलफर्डनें होलिहेडचा मार्ग बांधून १८२६ सालीं मेनाय सामुद्रधुनीवर झुलता पूल टांगला. गाडीचें भाग्य उघडलें तें असें खडीच्या ढिगांतून.

ह्या रस्त्यांवर वेळेची शिस्त आणिली ती मात्र एका नाटकगृहाच्या मालकानें. बाथ येथील जॉन पामर ह्याचीं बाथ व ब्रिस्टल ह्या दोन्ही शहरीं नाटकगृहें होतीं, आणि नटांची व सामानाची ने-आण वेळेवर करण्याची त्यास संवय होती. त्या काळीं टपाल घोड्यावर बसलेल्या पोरांच्या हातीं असे. ब्रिस्टलहून लंडनास तें पोंचावयास ३८ तासांपर्यंत लागत, आणि वाटमाऱ्यांची भीति होती ती निराळीच. पामरनें वेगवान गाडी व सशस्त्र पहारेकरी ह्यांची योजना मांडली. टपालखात्यांतील अधिकाऱ्यांनीं तीस विरोध केला. परंतु तरुण मुख्य प्रधान पिट् ह्यानें ती उचलून धरली. २ ऑगस्ट १७८४ रोजीं दुपारीं चार वाजतां पहिली मेलकोच ब्रिस्टलहून निघाली, ती दुसरे दिवशीं सकाळीं आठच्या सुमारास लंडनास येऊन उभी राहिली. सोळा तास! टपालाच्या गाडीस टोल माफ असे. गार्डाचा कर्णा ऐकूं येतांच नाकेदारानें फाटक उघडून ठेवावें असा नियम होता. गार्डाजवळ रुंद तोंडाची आंखूड बंदूक, दोन पिस्तुलें आणि कुलुपबंद पेटींतलें घड्याळ हीं तीन साधनें असत. त्यांपैकीं घड्याळ हें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. त्या वेळीं प्रत्येक गांव आपल्या सूर्याप्रमाणें चाले, व ब्रिस्टल हें लंडनच्या दहा मिनिटें मागें असे. म्हणून पूर्वेकडील वा पश्चिमेकडील प्रवासास जुळेल अशा बेतानें हें घड्याळ पुढें वा मागें चालेल असें लावून देत. सबंध देशानें एका वेळेनें चालावें ही गोष्ट आगगाडीनें पुढें सक्तीनें शिकविली. तिचा पहिला धडा गार्डाच्या पेटींत होता.

आतां टपाकडे वळूं. मेलकोचमध्यें आंत चार उतारू बसत. बाकीचे बाहेर, गाडीवानाशेजारीं व टपावर. आणि त्यांचें भाडें आंतल्याच्या सुमारें निम्मे असे. उन्हाळ्यांत ही जागा हौसेचीहि असेल. हिंवाळ्यांत तिची किंमत कशी द्यावी लागे हें १८१२ च्या मार्चमध्यें दिसून आलें. बाथची गाडी चिपनमला पोंचली तेव्हां बाहेर बसलेल्यांपैकीं दोघे गारठून मेलेले आढळले, व तिसरा मरणाच्या दारीं होता. पामरच्या कीर्तीच्या त्याच रस्त्यावरील ही गोष्ट आहे. आंतल्या चौघांचा प्रवास मात्र बहुधा नेहमींसारखाच झाला असावा.

१८३० च्या सुमारास हा धंदा परमावधीस पोंचला. दर दहाएक मैलांवर घोडे बदलून ताशीं दहा मैल चालणाऱ्या गाड्यांचें जाळें देशभर पसरलें; पूर्वी जेथें दहा-बारा दिवस लागत तें एडिंबरो आतां लंडनहून सुमारें ४५ तासांवर आलें. ह्या व्यापाराचा राजा विल्यम चॅप्लिन. त्याचे हजाराहून अधिक घोडे होते, व लंडनमधील त्याच्या खानावळीच्या अंगणाखालीं तळघरांत तबेले होते. ज्याच्या हातीं शहरांतलें अंगण त्याच्या हातीं रस्ता, ही ह्या धंद्यांतली खूण वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ती पुढें पुन्हां भेटणार आहे. १८३० सालीं लिव्हरपूल-मँचेस्टर आगगाडी निघाली, १८३८ सालीं लंडन-बर्मिंगहॅम आणि १८४१ सालीं लंडन-ब्रिस्टल मार्ग पुरा झाला. चॅप्लिननें वारा ओळखून आपलें भांडवल रुळांकडे वळविलें व तो पुढें एका मोठ्या रेल्वे कंपनीचा अध्यक्ष झाला. ज्यांस तसें वळतां आलें नाहीं ते खानावळवाले, साईस व गाडीवान बुडाले. १८४६ च्या आरंभीं लंडनहून सुटणारी शेवटची मेलकोच नॉर्विचच्या वाटेवर बंद पडली.

टपावरचा उतारू आगगाडींत गेला, पण तेथेंहि त्यास प्रथम छप्पर मिळालें नाहीं. तिसऱ्या वर्गाचे डबे म्हणजे उघडे खटारेच होते. १८४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं, त्याच ब्रिस्टलच्या मार्गावर, रेडिंगजवळ सॉनिंग येथें दरड कोसळून गाडी घसरली आणि सणासाठीं घरीं निघालेले आठ मजूर जागच्याजागीं ठार झाले. ह्यानंतर १८४४ सालीं ग्लॅडस्टननें कायदा आणिला. प्रत्येक मार्गावर रोज निदान एक गाडी अशी असावी कीं, तींत गरिबास मैलास एक पेनी ह्या दरानें, छपराखालीं बसून जातां यावें, असा त्याचा आशय होता. टपावरच्या माणसाच्या डोक्यावर छप्पर आलें तें असें कायद्यानें आणि तेंहि प्राण गेल्यानंतर.

रस्त्यावर दुसरा उपाय निघाला नव्हता असें नाहीं. १८३१ सालीं ग्लॉस्टर व चेल्टनहॅम ह्यांच्या दरम्यान गर्नेच्या वाफेच्या गाड्या कांहीं महिने धांवल्या. पार्लमेंटच्या समितीनें त्यांच्या बाजूनें अभिप्रायहि दिला. परंतु टोलमंडळांनीं जबर कर लादले, आणि तो उद्योग गुदमरला. १८६५ च्या कायद्यानें तर यांत्रिक गाडीस गांवाबाहेर ताशीं चार व गांवांत दोन मैलांची मर्यादा घालून पुढें तांबडें निशाण घेतलेला माणूस चालविला. १८९६ सालीं हें बंधन सुटेपर्यंत रस्ता जणूं निजलाच होता. यंत्र असूनहि कायदा नसेल तर वाहन चालत नाहीं, हें ह्यावरून उघड होतें.

पहिल्या महायुद्धानंतर सैन्यांतील उरल्यासुरल्या मोटारी स्वस्त मिळूं लागल्या व त्या चालविणारे तरुणहि परत आले. ‘शॅराबँक’ नांवाच्या, ओळीनें बाकें मांडलेल्या उघड्या मोटारी मजूरवर्गास रविवारीं समुद्रकांठीं नेऊं लागल्या. १९१९ च्या रेल्वेसंपांत लोकांस कळून चुकलें कीं, सहलीची ही गाडी लांबच्या प्रवासासहि उपयोगीं पडते. ११ फेब्रुवारी १९२५ रोजीं ग्रेहाउंड मोटर्स ह्या कंपनीनें वाटेंत चढण्या-उतरण्याची सोय असलेली रोजची नेमाची गाडी सुरू केली. आणि ती कोणत्या मार्गावर? ब्रिस्टल ते लंडन! पामरनंतर एकशें एकेचाळीस वर्षांनीं रस्त्यानें आपला उतारू त्याच ठिकाणीं परत मागितला. फरक इतकाच कीं, ह्या गाडीस आंत व बाहेर हा भेद नव्हता. एकाच छपराखालीं एकाच भाड्यानें सर्वांनीं बसावें.

रेल्वे कंपन्या अर्थातच अस्वस्थ झाल्या. १९३० च्या वाहतूक कायद्यानें परवान्याची पद्धति आणिली. चालकाच्या कामाचे तास ठरले, गाड्यांची तपासणी होऊं लागली, आणि बेफाम चढाओढ थांबली. हें सर्व इष्टच होतें. परंतु नव्या गाडीची गरज आहे हें आयुक्तांपुढें सिद्ध करावें लागे, आणि तेथें आगगाडीवाले हरकत घेण्यास उभे राहत. १९३२ च्या मार्चमध्यें लंडनास व्हिक्टोरियाचें भव्य मोटारस्थानक उघडलें. १९३४ सालीं कित्येक कंपन्यांनीं एकत्र येऊन चेल्टनहॅम हें मध्यबिंदु केलें. दुपारीं दोनच्या ठोक्यास चहूं दिशांच्या गाड्या तेथून एकदम सुटत, आणि वेल्समधला उतारू तेथें गाडी बदलून पूर्व किनाऱ्यास जाई. युद्धामुळें १९४२ सालीं ह्या गाड्या बंद पडल्या, त्या १९४६ सालीं पुन्हां सुरू झाल्या. २ नोव्हेंबर १९५९ रोजीं एम-१ हा महामार्ग खुला झाला, आणि त्याच दिवसापासून बर्मिंगहॅमची ‘मिडलंड रेड’ त्यावरून लंडनास धांवूं लागली.

१९६९ सालीं बहुतेक मोठ्या कंपन्या राष्ट्रीय बस कंपनीखालीं आल्या व पुढें त्यांच्या गाड्या ‘नॅशनल एक्सप्रेस’ ह्या नांवानें पांढऱ्या रंगांत दिसूं लागल्या. थॅचरबाईंच्या सरकारनें १९८० च्या ऑक्टोबरपासून लांब पल्ल्याच्या गाड्यांवरील हें परवान्याचें बंधन काढून टाकिलें. त्याच वर्षीं स्कॉटलंडांतील पर्थ येथें एका कुटुंबानें लंडनसाठीं गाडी सुरू करून तीस ‘स्टेजकोच’ हें जुनेंच नांव दिलें. कांहीं खाजगी कंपन्यांनीं एकजूट करून नॅशनल एक्सप्रेसशीं टक्कर दिली. भाडीं कोसळलीं, पण दोन-तीन वर्षांत ती एकजूट मोडली. कारण आम्हीं वर सांगितलेलेंच. व्हिक्टोरियाचें अंगण जुन्या कंपनीच्या हातीं होतें. १९८८ सालीं ती कंपनीहि खाजगी झाली. २००३ सालीं ‘मेगाबस’नें एका पौंडापासून तिकिटें विकलीं, आणि २०२० सालीं जर्मनीची ‘फ्लिक्सबस’ त्या रस्त्यांवर उतरली.

ह्यांत कोणाचें काय साधलें? मोठ्या शहरांच्या मधला प्रवास स्वस्त झाला, हा लाभ लहान नव्हे. परंतु गाड्या महामार्गांकडे धांवल्या, आडवाटेचीं गांवें मागें राहिलीं, आणि चेल्टनहॅमचा तो दोन वाजतांचा मेळा इतिहासजमा झाला. निर्बंधाच्या काळीं गांव सांभाळलें जाई पण भाडें चढें राही. मोकळीकींत भाडें उतरलें पण गांव सुटलें. ह्या दोहोंचा मेळ त्या देशास अजून बसविता आलेला नाहीं, आणि तो केवळ चढाओढीनें बसेल असें आम्हांस वाटत नाहीं. १८४४ सालीं ग्लॅडस्टननें जें केलें त्याचें मर्म हेंच होतें कीं, गरिबाची जागा बाजाराच्या दयेवर न सोडतां कायद्यानें राखावी.

आजहि रात्रीं निघालेल्या गाड्या पहांटे व्हिक्टोरियास येऊन लागतात. त्यांतून विद्यार्थी उतरतात, परदेशांतून कामासाठीं आलेले मजूर उतरतात, पेन्शनवर दिवस काढणारीं वृद्ध माणसें उतरतात. आगगाडींतून वेळ वांचतो हें त्यांस ठाऊक असतें. त्यांस पैसा वांचवावयाचा असतो. टपावरच्या उतारूचे हे वंशज होत. ते आतां आंत बसतात, थंडीनें मरत नाहींत, एवढी प्रगति झाली ती खरीच. पण त्यांच्या गांवास गाडी जाते किंवा नाहीं, ह्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावांचून हा इतिहास पुरा झाला असें म्हणतां येणार नाहीं.