गोंगाटावर आवाजाचीच मात्रा

वाकोल्याच्या एका अंगाला सांताक्रूझचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला पश्चिम द्रुतगती महामार्ग. विमान उठले की बोलणाऱ्याला वाक्य मध्येच तोडावे लागते. हेडफोनवर गाणे ऐकणारा मात्र आवाज वाढवतो. म्हणजे गोंगाटावर उपाय म्हणून कानात आणखी आवाज ओततो. गोंगाटरोधक हेडफोनचा इतिहास याच अडचणीतून घडला आहे.

आवाजानेच आवाज मारण्याची कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचे अमेरिकी पेटंट १९३६ साली मिळाले. तत्त्व शालेय पुस्तकातलेच आहे. एका लहरीच्या शिखरावर दुसरीची दरी नेमकी आली, तर दोघी एकमेकींना खोडून काढतात. पण हे साधेल इतकी चपळ इलेक्ट्रॉनिक साधने तेव्हा नव्हती.

पुढचे पाऊल पडले ते विमानातच. अमर बोस हे एमआयटीतले प्राध्यापक. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक. १९७८ साली झुरिकहून परतताना बोस यांनी विमानात मिळालेले हेडफोन कानाला लावले, तर इंजिनांच्या घरघरीत संगीत बुडून गेले. त्याच प्रवासात त्यांनी उपायाची गणिते मांडायला घेतली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ साल उजाडले, तर सामान्य ग्राहकांसाठीचा २००० साली आला.

या युक्तीला निसर्गाचीच एक मर्यादा आहे. हवेत १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते, ५००० हर्ट्झची जेमतेम ७ सेंटिमीटर. लांब लहरीसमोर उलटी लहर उभी करताना थोडी चूक खपून जाते. आखूड लहरीत तेवढीच चूक सगळा मेळ बिघडवते. म्हणून इंजिनाची घरघर विरते, पण शिटी कानी येतेच. तिला अडवायला कानाभोवतीची गादीच उपयोगी पडते.

तार गेली ती ब्लूटूथमुळे. एरिक्सन कंपनीत त्याचे काम १९९४ साली सुरू झाले. या सोयीची किंमत आकड्यांत दिसते. सीडीवरील संगीताला दर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट लागतात. ब्लूटूथच्या सर्वसाधारण एसबीसी पद्धतीत त्याच्या पावपटीहूनही कमी बिट पाठवले जातात. कानाला सहसा जाणवणार नाही असा तपशील गाळला जातो.

मग तार बरी की सोय? शांत खोलीत तंबोऱ्याची जवारी ऐकायची असेल, तर चांगला तारेचा हेडफोन आम्ही पसंत करू. वाकोल्यात मात्र तोच बारकावा घरघरीखाली झाकला जातो. तिथे गोंगाट हटवणे हीच गुणवत्ता. शिवाय आवाज वाढवावा लागत नाही, हा लाभ मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. गेलेली श्रवणशक्ती कोणताही हेडफोन परत देत नाही. रस्ता ओलांडताना मात्र तो कानावरून काढलेलाच बरा.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन सारखे स्पीकर समोरासमोर, जवळजवळ ठेवून दोन्हींतून एकच खर्जातला स्वर वाजवावा. मग एका स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करावी. स्वर एकदम क्षीण होईल. नंतर तार सप्तकातला स्वर वाजवून पाहावा आणि तो तितका का दबत नाही, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.