तृतीयांश नियम

तृतीयांश नियम हा छायाचित्रण, चित्रकला व चित्रपट या दृश्यकलांमधील मांडणीविषयीचा एक प्राथमिक संकेत आहे. त्यानुसार चौकटीवर समान अंतराने दोन उभ्या व दोन आडव्या रेषा कल्पून तिचे नऊ समान भाग केले जातात. चित्रातील महत्त्वाचा घटक मधोमध न ठेवता एखाद्या रेषेवर किंवा चार छेदनबिंदूंपैकी एकाजवळ ठेवला जातो. नाव नियमाचे असले, तरी त्याचा खरा उपयोग सराव म्हणून आहे. नवशिक्या छायाचित्रकाराचा कल विषय आपोआप मध्यभागी धरण्याकडे असतो आणि उरलेली चौकट त्याच्या लक्षात येत नाही.

उगम

ही संज्ञा इंग्लिश चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांच्या ग्रामीण दृश्यांवरील १७९७ मधील पुस्तकात आढळते. चित्रातील उजेड व अंधार यांच्या प्रमाणाविषयी जोशुआ रेनॉल्ड्झ यांनी केलेल्या विवेचनावरून स्मिथ यांनी ती कल्पना पुढे नेली. त्यांचा भर प्रमाणावर होता: निसर्गचित्रात जमीन व पाणी मिळून एक तृतीयांश, तर आकाश दोन तृतीयांश असावे, असे ते सुचवतात. या नियमाची सुवर्ण गुणोत्तराशी अनेकदा गल्लत केली जाते. सुवर्ण गुणोत्तराची रेषा कडेपासून सुमारे ३८ टक्के अंतरावर पडते, तृतीयांशाची ३३ टक्क्यांवर.

दैनंदिन छायाचित्रणातील उपयोग

बहुतेक मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यात ‘ग्रिड’ हा पर्याय सुरू केल्यास या रेषा पडद्यावर दिसतात. छायाचित्रात त्या उमटत नाहीत. सरावासाठी दूरचा प्रवास लागत नाही. खिडकीतील कुंडी किंवा टेबलावरचा चहाचा कप एकदा मध्यभागी व नंतर चारही छेदनबिंदूंवर ठेवून टिपला, तर रिकाम्या जागेचे वजन कसे बदलते ते कळते.

क्षितिजाच्या बाबतीत नियम विशेष उपयोगी पडतो, कारण तो छायाचित्रकाराला निवड करायला लावतो. पावसाळी ढग हा विषय असेल तर क्षितिज खालच्या रेषेवर, ओल्या वाळूतील प्रतिबिंब हा विषय असेल तर वरच्या रेषेवर घेतात. व्यक्तिचित्रात डोळे साधारणपणे वरच्या रेषेजवळ ठेवतात. सायकलस्वार किंवा बाजूला पाहणारी व्यक्ती असल्यास तिच्या पुढे मोकळी जागा सोडतात.

ही मांडणी नंतर कातरूनही साधता येते, परंतु त्याची किंमत मोठी असते. ४००० × ३००० पिक्सेलच्या छायाचित्रातील नेमका मध्यबिंदू, चौकटीचे प्रमाण न बदलता, छेदनबिंदूवर आणायचा झाल्यास ३००० × २२५० पिक्सेलच उरतात, म्हणजे सुमारे ४४ टक्के चित्र गमवावे लागते. टिपण्यापूर्वी दोन पावले सरकणे त्यापेक्षा स्वस्त पडते. मात्र कॅमेरा मध्यभागावर केंद्रित होत असेल, तर आधी विषयावर केंद्रीकरण करून बटण अर्धे दाबलेले ठेवावे लागते आणि मग चौकट सरकवावी लागते. फोनमध्ये पडद्यावर विषयाला स्पर्श केला की पुरते.

मर्यादा

समोरासमोर टिपलेले देवळाचे प्रवेशद्वार, लांब ओसरी किंवा स्थिर पाण्यातील प्रतिबिंब अशा सममित दृश्यांत मध्यवर्ती मांडणीच अधिक परिणामकारक ठरते. तेथे तृतीयांशाचा आग्रह धरल्यास चित्र चुकून सरकल्यासारखे भासते. फोनच्या रुंद कोनाच्या भिंगात चौकटीच्या कडेकडील चेहरे ताणलेले दिसतात, त्यामुळे जवळून घेतलेल्या व्यक्तिचित्रात चेहरा फार बाजूला नेणे टाळतात.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी चित्रकलेचे शिक्षण आंद्रे लोत यांच्याकडे घेतले होते आणि मांडणीचा ध्यास त्यांना आयुष्यभर होता. तरीही ‘द डिसायसिव्ह मोमेंट’ (१९५२) या पुस्तकात त्यांनी व्ह्यूफाइंडरवर बसवायच्या तयार जाळ्या दुकानांत विकल्या जाण्याचा दिवस कधी न येवो, अशी इच्छा व्यक्त केली. टिपलेले चित्र नंतर कातरण्यालाही त्यांचा विरोध होता, कारण त्यामुळे मूळ प्रमाणे बिघडतात असे त्यांचे मत होते. सराव झालेला डोळा क्षणार्धात भूमिती ओळखतो आणि ती चित्र टिपतानाच ठरते, अशी त्यांची भूमिका होती.