कारवान हाउंड
कारवान हाउंड ही दख्खनच्या पठारावर आढळणारी शिकारी कुत्र्यांची एक भारतीय जात आहे. महाराष्ट्रात या कुत्र्याला कारवानी, तर कर्नाटकात मुधोळ असे म्हणतात. वासाच्या मागावर न जाता नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांच्या गटात (साइटहाउंड) या जातीचा समावेश होतो. ग्रेहाउंड, सालुकी आणि रामपूर हाउंड या जातीही याच गटातील आहेत. पूर्वी सशांच्या शिकारीसाठी पाळला जाणारा हा कुत्रा आज मुख्यतः शेताची व घराची राखण करण्यासाठी आणि सोबतीसाठी पाळला जातो.

नाव व इतिहास
या जातीचे पूर्वज व्यापारी तांड्यांबरोबर (कारवान) मध्य व पश्चिम आशियातून दख्खनमध्ये आले, असे मानले जाते. त्यावरून कारवान हे नाव पडले. मुधोळ हे नाव आजच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ या घोरपडे घराण्याच्या मराठा संस्थानावरून आले. संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद कारवान हाउंड या नावाने करते. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या तिकिटांत मुधोळ हाउंडचा समावेश होता.

शारीरिक वैशिष्ट्ये
डोके लांब व निमुळते, छाती खोल, पोट आत ओढलेले आणि पाय लांब असतात. खांद्यापाशी उंची साधारण ६५ ते ७३ सेंमी आणि वजन २० ते २८ किलो असते. अंगावरील केस आखूड असतात. कान व शेपटीवर लांब केस असलेल्या कुत्र्यांना पश्मी म्हणतात. शरीरात चरबी अत्यल्प असते व कातडी पातळ असते. वेगाने धावण्यासाठी उपयुक्त असलेली ही ठेवणच पाळणाऱ्याने घ्यावयाच्या बहुतेक काळजीचे मूळ आहे.

स्वभाव
प्रौढ कारवान हाउंड पुरेसे धावून आल्यावर घरात शांत असतो व बराच वेळ झोपून काढतो. तो घरच्या माणसांशी एकनिष्ठ असतो. अनोळखी माणसाने अचानक अंगाला हात लावलेला त्याला सहसा आवडत नाही. पळणारी वस्तू दिसताच तिच्यामागे धावणे ही त्याची उपजत प्रवृत्ती आहे. ती शिक्षेने नाहीशी होत नाही. कोंबड्या, मांजरे व करडे असलेल्या घरात पिल्लाला लहानपणापासून त्यांची सवय लावतात. तरीही त्यांना एकत्र सोडून दुर्लक्ष करणे धोक्याचे असते.

व्यायाम
या कुत्र्याला केवळ दोरीने बांधून फिरवणे पुरत नाही. कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत त्याला रोज धावू देणे आवश्यक असते. व्यायाम न मिळाल्यास तो वस्तू कुरतडतो, सतत भुंकतो किंवा संधी मिळताच पळून जातो. पाठलागाच्या भरात त्याला हाक ऐकू येऊनही तो थांबत नाही. त्यामुळे रस्त्यालगत किंवा काटेरी तारेच्या कुंपणाजवळ त्याला मोकळे सोडत नाहीत. मान डोक्याच्या मानाने जाड असल्यामुळे साधा पट्टा डोक्यावरून निसटतो. रुंद पट्टा किंवा छातीवरून बांधायचा हार्नेस सुरक्षित ठरतो.

उन्हाळ्यात पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच व्यायाम देतात. जोराची धाप, लाळ गळणे व पाय लटपटणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी कुत्र्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओततात, वारा घालतात व तातडीने पशुवैद्याकडे नेतात. वाढत्या पिल्लांची हाडे पक्की होईपर्यंत त्यांना दूरवर पळवत नाहीत.

आहार
ग्रामीण भागात या कुत्र्यांना भाकरी व दूध देण्याची प्रथा आहे. मात्र धावणाऱ्या कुत्र्याच्या स्नायूंसाठी मांस किंवा अंडी यांसारखी प्रथिने लागतात. छाती खोल असल्यामुळे जठर फुगून पिळवटण्याचा धोका असतो. म्हणून दिवसाचे अन्न दोन वेळांत विभागतात आणि जेवणाच्या आधी व नंतर पळवत नाहीत. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट कुत्र्यांना अपायकारक आहेत. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे आतड्यांना इजा करू शकतात.

निरोगी कारवान हाउंडच्या शेवटच्या काही बरगड्या दिसतात. ही उपासमार समजून नवखे पालक जास्त खाऊ घालतात. याउलट, आजारामुळे आलेला बारीकपणा जातीचा गुण समजला जाण्याची शक्यता असते. दर महिन्याला वजन करून नोंद ठेवल्यास दोन्ही चुका टळतात.

आरोग्य
रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो व लेप्टोस्पायरोसिस यांविरुद्ध पशुवैद्याच्या सल्ल्याने लसीकरण करतात. शेतात फिरणाऱ्या कुत्र्याच्या कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासणे आवश्यक असते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात भूक मंदावते व कधी नाकातून रक्त येते. साइटहाउंड गटातील कुत्र्यांत थायोपेंटोनसारख्या काही भूल देणाऱ्या औषधांचा परिणाम दीर्घकाळ टिकू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्याला जात सांगणे महत्त्वाचे असते. पातळ कातडीमुळे थंडीत कोरडे व उबदार अंथरूण लागते.

कायदा व संवर्धन
वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ससा, काळवीट आदी वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा असून कुत्र्यांच्या साहाय्याने केलेली शिकारही त्यातून सुटत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार सतत साखळीने बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे ही क्रूरता ठरते. म्हणजे या कुत्र्याला शिकारीस नेता येत नाही आणि त्याला नुसते बांधूनही ठेवता येत नाही. त्याच्या धावण्याला सुरक्षित जागा मिळवून देणे हीच पालकाची मुख्य जबाबदारी ठरते.

मुधोळजवळील तिम्मापूर येथे कर्नाटक पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र या जातीच्या शास्त्रीय पैदाशीचे काम करते. २०१६ मध्ये भारतीय सैन्याने मुधोळ हाउंडची पिल्ले मेरठ येथे प्रशिक्षणासाठी घेतली. शिकारीचा मूळ उपयोग संपल्यानंतर राखण, सुरक्षा सेवा व घरगुती पालन यांवरच या जातीचे भवितव्य अवलंबून आहे.