पाणी, पाणंद आणि शेजार

लोणी भापकर हें बारामती तालुक्याच्या जिराईत भागांतील गांव. मल्लिकार्जुनाचें जुनें देवालय, तेथील पायऱ्यांची पुष्करणी आणि यज्ञवराहाची कोरीव मूर्ति यांमुळें इतिहासाच्या अभ्यासकांस तें परिचित आहे. पृथ्वीला पाण्यांतून वर काढणारा देव जेथें पाण्याची नित्य वाण तेथेंच असावा, हा योग कोणासहि चमत्कारिक वाटेल. परंतु या मुलखाची प्रकृति ध्यानांत घेतली म्हणजे ही विसंगति उरत नाहीं. वर्षाचा पाऊस सरासरीनें 20 इंचांच्या आसपास. पण त्याचा मोठा वांटा थोड्याच जोरकस सरींत कोसळतो, आणि मुरमाड माळावरून सुटलेलें पाणी ओघळी पाडीत खालच्या काळ्या रानांत शिरतें. म्हणून जेथें आठ महिने पाणी नाहीं म्हणून तंटा, तेथेंच चार दिवस पाणी आलें म्हणूनहि तंटा!

या तंट्यांत दोन्ही पक्षांजवळ थोडेंबहुत सत्य असतें. वरचा शेतकरी म्हणतो, पाणी उताराकडे जावयाचेंच. खालचा म्हणतो, तें पसरून येत होतें, तूं ताल घालून एका ठिकाणीं फोडलेंस. दोघांच्या मध्यें पाणंद असली म्हणजे दोघेहि पाणी तिच्यांत लोटून मोकळे होतात. गाड्यांच्या चाकोरींतून पाणी वाहूं लागलें कीं चाकोरीची ओघळ होते व मुरूम वाहून जातो. मग गांव रस्त्यावर भर घालून तो उंच करतें. खालीं मोरी ठेवलेली नसली तर तोच रस्ता बांध होऊन वरच्याचें पीक बुडवितो. रस्ता अशा रीतीनें फिर्यादीहि होतो आणि आरोपीहि.

हा प्रश्न फार जुना आहे. इ. स. पूर्वीं 450 च्या सुमाराच्या रोमन द्वादश पट्टिकांत पावसाच्या पाण्यानें होणाऱ्या हानीचा विचार आहे. पुढील रोमन धर्मशास्त्र्यांनीं त्याचें मर्म असें सांगितलें कीं, निसर्गतः येणाऱ्या पाण्याबद्दल शेजाऱ्यास दोष देतां येत नाहीं. मनुष्याच्या कृतीनें त्याचा ओघ बदलला तरच तक्रार चालते. आपल्याकडे असे वाद पाटील, कुळकर्णी, बलुतेदार व वतनदार यांच्या गोतसभेपुढें येत आणि निर्णयाचा महजर होई. न्याय करणारे स्वतः शिवार ओळखीत, हा तिचा गुण. पण ज्याला वतन नाहीं त्याचा शब्द तेथें हलका पडे, हा दोषहि विसरूं नये.

इंग्रजी अमलांत 1876 सालीं मामलतदार कोर्टांचा कायदा झाला. 1882 च्या सुविधाधिकारांच्या कायद्यानें वरच्या जमिनीचें पाणी स्वाभाविकपणें खालीं वाहूं देण्याचा हक्क मान्य केला, व तो कायदा 1891 सालीं मुंबई इलाख्यास लागू झाला. पुढें 1906 च्या मामलतदार कायद्यानें शेतांतील पाण्याच्या ओघास अनधिकृतपणें घातलेला अडथळा काढण्याचा, तसाच शेताची वहिवाटीची वाट खुली करण्याचा अधिकार मामलतदारास दिला. मुदत सहा महिन्यांची. हा कायदा आजहि चालू आहे, आणि बांधावरून जाणाऱ्या वाटेचा प्रश्न 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या 143 व्या कलमान्वयें तहसीलदारापुढें जातो. पण कायदा अडथळा काढूं शकतो. सुटलेलें पाणी ओढ्यापर्यंत नेण्यासाठीं चर खणणें व मोरी बांधणें हें या निकालाचें काम नव्हे. म्हणून निकाल लागूनहि पुढच्या पावसाळ्यांत तंटा पुन्हां उभा राहतो.

याच तालुक्याच्या दक्षिणेस निराळा अनुभव आला. 1876–77 च्या दुष्काळांत नीरेच्या डाव्या कालव्याचें काम निघालें व 1885 च्या सुमारास पाणी खेळूं लागलें. जेथें पाणी मुबलक झालें तेथें कांहीं वर्षांतच सखल जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. डॉ. हॅरल्ड मान व तम्हाणे यांनीं 1910 सालीं या नीरेकांठच्या खारवट जमिनींविषयीं शास्त्रीय पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि पुढें सरकारनें निचऱ्याचे चर खणविले. तेथें कोणा एका शेजाऱ्यास दोषी धरून भागलें नसतें. निचरा हें सार्वजनिक कार्य मानावें लागलें.

जिराईत गांवांनींहि हाच धडा घ्यावयास हवा. 1958 च्या कायद्यानें ग्रामपंचायतींकडे गांवच्या रस्त्यांची व गटारांची कामें सोंपविलीं आहेत. पण रस्ता एका कामांत आणि निचरा दुसऱ्या, बहुधा कधींच न येणाऱ्या, कामांत धरण्याची रीत पडली आहे. मुरूम पसरण्यापूर्वीं पाणी कोठून येतें व कोठें जाणार, हें दोन्ही शेतकऱ्यांना बरोबर घेऊन शिवारांत पाहिलें पाहिजे. वाट तुटली म्हणजे एका शेताचीच हानि होत नाहीं. शाळेचीं मुलें, बाळंतपणास निघालेली लेक, बाजारास निघालेला माल, सारींच अडतात. आणि वाटेबरोबर बोलणें तुटलें, तर तें जोडण्यास मुरूम पुरत नाहीं.